आला तेव्हाचं रीडिंग

जुना मीटर बघायला निघताना ज्ञानदेव खैरेने पिशवीत मोजून तीन वस्तू घातल्या: तांब्याची आखूड जाड तार, मीटरला जोडायचे चार प्रोब आणि काचेच्या बाटलीत कापसात गुंडाळलेला एक हजार ओहमचा रेझिस्टर. रेझिस्टरसोबत तो नेमका हजारच असल्याचा लॅबचा दाखलाही घेतला, घडी न पाडता, प्लास्टिकच्या फोल्डरात. लोक मुलगी बघायला जातानासुद्धा एवढी तयारी करत नाहीत, असं तनुजा रिक्षात बसताना म्हणाली. ज्ञानदेव हसला नाही. मोजमापाच्या बाबतीत तो थट्टा चालवून घेत नसे.

बुधवारही त्यानेच ठरवला होता. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि टेबलावरचा चांगला मीटर तासभर तापल्याशिवाय खरं बोलत नाही. दुकानदार बटण दाबतो, आकडा दाखवतो आणि गिऱ्हाईक भुलतं. ज्ञानदेव भुलणाऱ्यांतला नव्हता, निदान तशी त्याची स्वतःबद्दल समजूत होती.

तनुजा ही त्याच्या जुन्या कंपनीतल्या अर्जुनराव गायकवाडांची मुलगी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून हिंजवडीत चार वर्षं सर्किट बोर्ड तपासायची. मग एका सोमवारी लॅपटॉप जमा करायला लावून तिला घरी पाठवलं. इकडे ज्ञानदेवची चाकणची कंपनी गाशा गुंडाळून दुसऱ्या राज्यात गेली आणि बावीस वर्षं इन्स्ट्रुमेंट रूम सांभाळलेला माणूस साठीच्या उंबरठ्यावर घरात भाजी निवडायला लागला. घरात बसून दोघांचाही जीव आंबला होता. अर्जुनरावांनीच सुचवलं, आणि दोघांनी भोसरीत एक गाळा भाड्याने घेऊन छोटी लॅब टाकली. छोट्या कारखान्यांचे सेन्सर तपासून द्यायचे, एवढंच काम. टेबल आलं, खुर्च्या आल्या, दारावर पाटीही लागली. ओहम मोजणारा अचूक मीटर तेवढा नव्हता. नवा घ्यायचा म्हणजे गाळ्यापेक्षा तोच महाग पडला असता, म्हणून जुन्याचा शोध.

ज्योतीरामचं गोदाम लांडेवाडीच्या मागच्या अंगाला होतं. बंद पडलेल्या कंपन्यांच्या लॅब तो लिलावात उचलायचा. आज्याच्या शेतावर एमआयडीसी झाली आणि नातू एमआयडीसीचं भंगार विकतो, असं तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा आणि स्वतःच मोठ्याने हसायचा. त्याने तीन मीटर टेबलावर मांडून आधीच चालू करून ठेवले होते.

"तुमी म्हनलाव तसं सकाळी धा वाजता लावलेत," तो म्हणाला. "आता घ्या बगून. ह्यो डावीकडला चाकनच्या लिलावातला हाय, एकदम घरंदाज."

ज्ञानदेवने डावीकडे बघितलं आणि त्याची पिशवी खांद्यावरून घसरली. मीटरच्या कपाळावर उजव्या कोपऱ्यात सोल्डरिंग गनचा चटका होता. तो चटका त्यानेच दिला होता, रुजू झाला त्या वर्षी, आणि साहेबाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. खाली हिरव्या रंगात नंबर: आय आर शून्य एक.

"मास्टर," तो म्हणाला.

इन्स्ट्रुमेंट रूममधला हा पहिला मीटर. बाकीचे सगळे याच्याशी ताडून बघायचे, म्हणून याचं नाव मास्टर. वर्षातून एकदा तो बाहेरच्या लॅबला तपासणीला जायचा, नवं स्टिकर लावून यायचा, आणि आला की ज्ञानदेव बाकीचे मीटर उघडून त्याच्याशी जुळवून टाकायचा. 'जुळवणी' म्हणायचे त्या कामाला. जुळवणी झाली की खोलीतले सगळे मीटर एकच आकडा दाखवायचे. ऑडिटवाला खूश, साहेब खूश, ज्ञानदेवची मान ताठ. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचा, की इथे कोणावरही शंका घे, माझ्यावरसुद्धा घे, पण मास्टरवर घ्यायची नाही.

मास्टर दिसला म्हणजे जयसिंग आठवणारच. तसा तो अधूनमधून आठवायचाच.

जयसिंग ढोबळे औशाकडचा. आयटीआय करून कॉन्ट्रॅक्टवर लागला होता. ज्ञानदेवने त्याला हाताला धरून शिकवलं, आणि पोरगा इतका चांगला निघाला की ज्ञानदेव रजेवर गेला तर खोलीची किल्ली त्याच्याकडे देऊन जायचा. २०१४ च्या जूनमध्ये इंजिनाचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा एक लॉट तपासताना जयसिंगने लाइन थांबवली. त्याच्या टेबलावरचा मीटर हजार ओहमच्या जागी हजार आठ दाखवत होता, आणि पाचाच्या वर फरक चालत नव्हता. ज्ञानदेवने तेच सेन्सर मास्टरला लावले. हजार. म्हणजे माल ठीक, जयसिंगचाच मीटर बिघडलेला. पण जयसिंग ऐकेना. "भाऊ, मास्टर एकडाव बाहेर पाठवून बगा ना," म्हणून मागे लागला. तीन दिवस माल अडकला, गिऱ्हाईक कंपनीची लाइन खोळंबली, वरून फोन सुरू झाले, आणि कोणावर तरी खापर फोडायची वेळ आली. चौकशीला ज्ञानदेवला बोलावलं. त्याने दोन वाक्यं सांगितली. मास्टर बरोबर आहे. जयसिंगने मीटर नीट हाताळलेला नाही आणि रीडिंग नीट पडताळलेलं नाही. त्याच आठवड्यात जयसिंगचा गेट पास काढून घेतला.

अशी बातमी चाकणमध्ये माणसाच्या आधी पुढच्या गेटवर पोचते. जयसिंगला पुन्हा कोणी मोजमापाच्या टेबलाशी उभं केलं नाही. हिंजवडीत कुठल्याशा आयटी कंपनीच्या गेटवर तो सिक्युरिटीत लागल्याचं ज्ञानदेवच्या कानावर आलं होतं. वाईट वाटायचं. दिवाळीत जास्त वाटायचं. पण ज्ञानदेव खोटं बोलला नव्हता. जे दिसलं तेच सांगितलं होतं. एका माणसाच्या पोटावर पाय आला खरा, पण आकडा खरा होता, आणि त्या एका आकड्यावर ज्ञानदेवची अकरा वर्षांची झोप उभी होती.

"काका, सुरू करायचं ना?" तनुजाने विचारलं.

त्याने तांब्याची तार काढली. आधी ती लावून तिन्ही मीटर शून्य दाखवतात का ते बघितलं. मधल्याचा शेवटचा आकडा जागेवर बसेना, सारख्या उड्या मारत होता. उजवीकडच्याचा डिस्प्ले इतका मंद झाला होता की हाताचा आडोसा करून बघावं लागत होतं. मग बाटलीतला रेझिस्टर काढून चारही प्रोब लावले. मधला हजार आणि वर काहीबाही, उजवीकडचा हजारला जरा कमी. मास्टरवर आकडा आला आणि थांबला: एक हजार, पॉइंटच्या पुढे दोन शून्यं, मग कुठे एक बारीकसा दोन.

ज्ञानदेव पाच मिनिटं त्याच्याकडे बघत उभा राहिला. आकडा हलला नाही.

"बघितलंस?" तो म्हणाला. "लोक म्हातारे झाले, कंपनी गेली, हा आहे तिथेच आहे. याला म्हणतात मास्टर!" त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, आणि ते काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. चौकशीच्या खोलीत तो बरोबर होता. मशीनने पुन्हा एकदा सांगितलं होतं.

तनुजाने मान डोलावली आणि ज्योतीरामला विचारलं, "याची फाइल आहे का?"

"हाय की! कागूद असला तर इन्स्ट्रुमेंट, नसला तर भंगार." त्याने कपाटातून एक जाडजूड निळी फाइल आणून तिच्या पुढ्यात टाकली.

"त्यात काय बघायचंय?" ज्ञानदेव म्हणाला. "सगळी सर्टिफिकेट आहेत. मीच लावलीत."

कंपनीत सर्टिफिकेट आलं की तो पहिल्या पानावर तारीख बघायचा, नंबर मीटरशी ताडायचा, मागच्या पानावर 'तपासून स्वीकारले' या शिक्क्याखाली सही ठोकायचा आणि फाइलला लावायचा. त्याच्या आधीचा माणूसही तेच करायचा, शेजारच्या कंपनीतलाही तेच करायचा. स्टिकर नवं आहे ना, मग झालं. आतली पानं ऑडिटवाल्यासाठी असतात, आणि ऑडिटवालाही तारीखच बघतो.

तनुजा मात्र स्टुलावर बसून आतली पानं उलटायला लागली. हिंजवडीची सवय. "मी आधी हा रकाना बघते," ती म्हणाली. "ॲज फाउंड. मीटर लॅबमध्ये आला तेव्हा, कोणी हात लावायच्या आधी काय दाखवत होता, ते यात असतं. शेजारी दुरुस्त केल्यानंतरचं. वापरलेला मीटर किती घसरतो ते इथेच कळतं." मग बराच वेळ पानांचा आवाज. ज्योतीरामने चहा सांगितला. ज्ञानदेव चटक्याच्या खुणेवरून अंगठा फिरवत होता.

"काका, हा एकदा चांगलाच बाहेर गेला होता," तनुजा म्हणाली. "२०१४ चा ऑगस्ट. हजार ओहमला नऊशे ब्याण्णव दाखवत होता. सरळ आठने कमी."

ज्ञानदेवचा अंगठा थांबला.

"पण चांगली गोष्ट ही, की लॅबने तेव्हा ॲडजस्ट केलाय आणि त्यानंतर फाइल संपेपर्यंत नऊ वर्षं जागचा हललेला नाही. आत्ताही आपण बघितलंच. मला तर हाच बरा वाटतो."

"आठ?" त्याने विचारलं.

"आठ. सगळ्या ओहमच्या रेंजला त्याच हिशेबात." तिने पान उलटलं. "मागे 'तपासून स्वीकारले' म्हणून सही आहे. कोणाची आहे ही?"

सही कोणाची ते बघायची ज्ञानदेवला गरज नव्हती. तरी त्याने बघितली. तेव्हा तो 'खै'ची मात्रा जरा झोकात काढायचा.

गणित शाळकरी पोराला सुटावं असं होतं. मास्टर आठने कमी दाखवत होता. त्यावर सेन्सर हजार दिसले, म्हणजे ते हजार आठच होते. जयसिंगने सांगितलेला आकडा खरा होता आणि त्याचा मीटरही खरा होता. त्या जूनमध्ये संपूर्ण खोलीत खोटा मीटर एकच होता, आणि त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्याला ज्ञानदेवने बाहेर घालवलं होतं.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती इथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण त्याला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती जास्त लाजिरवाणी होती. जयसिंग गेल्यावर ज्ञानदेवने त्याचा मीटर उघडून मास्टरशी जुळवला होता. म्हणजे चांगल्याला बिघडवला होता. ऑगस्टात मास्टर लॅबमधून नवं स्टिकर लावून परत आला, आणि बघतो तो जयसिंगचा मीटर पुन्हा आठने वेगळा, आता उलट्या बाजूला. साधा प्रश्न होता: कालपर्यंत जुळत होते, मग मधे कोण हललं? ज्ञानदेवने तो प्रश्न विचारला नाही. "बिघडलेलाच आहे मेला, जयसिंगसारखा," असं म्हणून त्याने तो पुन्हा जुळवला, आणि शेजारी उभे असलेले दोघं हसले होते. विनोद त्यानेच केला होता.

"हा नको," तो एकदम म्हणाला. "उजवीकडचा घेऊ."

"त्याचा डिस्प्ले गेलाय काका."

"डिस्प्ले बदलता येतो. हा नको. याच्यावर भरवसा नाही."

"पण आत्ताच तर तुम्ही..." तनुजा गोंधळली. "रीडिंग तर याचंच सगळ्यात चांगलं आहे."

"बावीस वर्षं मी वापरलाय की तू?" त्याचा आवाज चढला. "मी सांगतो ना, बिघडलेला आहे. तुझं बघण्यात काहीतरी चुकतंय."

तनुजाने पुन्हा एकदा मीटरकडे बघितलं, मग फाइलकडे, मग हळूच फाइल मिटली. "तुम्ही म्हणता तर असेल," ती म्हणाली. "माझंच चुकलं असेल काहीतरी."

तिचं बघण्यात काही चुकलं नव्हतं. दोन मिनिटांपूर्वी बरोबर असलेली मुलगी त्याच्या आवाजाने स्वतःला चूक ठरवून बसली होती. ज्ञानदेवला स्वतःची शिसारी आली.

"नाही," तो म्हणाला. "तुझं बरोबर आहे. मीटर चांगला आहे. हाच घे." आणि मग त्याने तिला सगळं सांगितलं, जून, ऑगस्ट, दोन वाक्यं, विनोदसुद्धा. ज्योतीराम चहाचा कप हातात धरून ऐकत होता.

"त्यांना माहीत आहे?" तनुजाने शेवटी विचारलं.

"कसं असेल? मला आत्ता कळतंय."

"मग सांगा त्यांना." ती एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने फाइल उघडून तिने ते पान काढलं. "मूळ कागद मीटरसोबत लागेल, काका. झेरॉक्स काढून देते."

पत्ता समाधानकडून मिळाला. तो जयसिंगबरोबर कॉन्ट्रॅक्टवर होता, अजून त्याच्या संपर्कात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ज्ञानदेव तळवड्याच्या पुढे देहूच्या रस्त्याला एका तीन मजली इमारतीचे जिने चढला. सगळी कंपन्यांतली माणसं सुट्टीची घरी होती, दारंदारी चपलांचे ढीग होते. वर पोचेपर्यंत त्याने मनात चार प्रकारे सुरुवात करून बघितली. कुठलीच धड जमली नाही.

दार सरूबाईने उघडलं. जयसिंगची बायको. पूर्वी एक-दोनदा हळदीकुंकवाला ज्ञानदेवच्या घरी आलेली. तिने ओळखलं, या म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली.

"कोन हाय?" म्हणत जयसिंग आतून आला. सिक्युरिटीची निळी पँट, वर बनियन, एका हातात बूट आणि दुसऱ्यात ब्रश. केस पिकले होते. ज्ञानदेवला बघून त्याचा चेहरा असा उजळला की ज्ञानदेवला मान खाली घालावी लागली.

"भाऊ! आवो, भाऊ आले! सरू, च्या टाक. बसा, बसा. दुपारची ड्युटी हाय, म्हणून सापडलो बगा." त्याने खुर्चीवरची उशी उचलून खुर्ची पुसली. "किती वर्सांनी. तब्येत बरी हाय ना? कंपनी गेली म्हणं. लई वाईट वाटलं मला."

त्याला वाईट वाटलं होतं. ज्ञानदेव बसला.

"तुझं कसं चाललंय?"

"मस्त चाललंय की. सावलीतली नोकरी. गाड्यांचे नंबर लिवून घ्यायचे. मी दोनदोनदा वाचतो, हाताखालची पोरं हसतात, म्हणतात, चाचा, एका गाडीला किती टाइम लावता. मी म्हणतो, बाबांनो, आपली नजर पक्की न्हाई, ते मला ठावं हाय. मंग दोनदा वाचायला काय जातं?" तो हसला. त्यात कडवटपणा नव्हता. कडवटपणा असता तर ज्ञानदेवला पुढचं बोलणं सोपं गेलं असतं.

"जयसिंग, तुझी नजर पक्की होती," तो म्हणाला. आणि पुढे एकाही वाक्याची जुळवाजुळव न करता त्याने झेरॉक्स त्याच्या हातात दिली.

जयसिंगने बूट खाली ठेवला, पँटला हात पुसला आणि कागद घेतला. बाकीच्या मजकुराकडे त्याने बघितलंही नाही. अकरा वर्षांत असा कागद हातात न घेतलेल्या माणसाचं बोट सरळ ओहमच्या ओळीवर गेलं, तिथून आडवं पहिल्या रकान्यात, आणि थांबलं. मग ते वर तारखेकडे गेलं. मग पुन्हा खाली. ज्ञानदेव त्या बोटाकडे बघत होता. किती चांगला माणूस होता हा त्या कामाला, हे त्याला पुन्हा एकदा दिसलं.

जयसिंगने कागद पालथा करून मांडीवर ठेवला.

"लॅबवाल्याचं चुकलं असंल," तो म्हणाला.

"नाही."

"आसंल. ते पन मानसंच असतात. मास्टर चुकंल व्हय, भाऊ?"

"चुकला होता. जूनमध्ये तू म्हणालास तेच खरं होतं. बाहेर पाठवा म्हणालास, मी पाठवला नाही. ऑगस्टात गेला तर हे निघालं. माझ्या हातात कागद आला, मी सही केली आणि वाचला नाही. जयसिंग, मी चुकलो. तू नाही. मी." बोलताना त्याचा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

जयसिंगने स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"भाऊ, सोनूला इलेक्ट्रॉनिक्सला जायचं होतं. माझा पोरगा. मार्क होते. दोन दिवस जेवला न्हाई, रडला. मी म्हणलं, न्हाई. म्हणलं, आपल्या रक्तात ते न्हाई, माझ्यासारखं कुणाचं तरी नुसकान करून बसशील. आता पार्सलं वाटतो गाडीवर. माझ्याशी लई बोलत न्हाई." त्याने कागद उचलून ज्ञानदेवच्या गुडघ्यावर ठेवला आणि वरून तळवा दाबून धरला. "मी चुकलो होतो म्हणून हे झालं, तर मला त्ये झेपतं. झेपलं इतकी वर्सं. आन मी बरोबर होतो, तर मंग पोराला काय सांगू? तुमीच सांगा. न्हाई भाऊ. लॅबवाल्याचंच चुकलं. तुमी घेऊन जावा ह्ये."

"जयसिंग, अरे..."

"तुमी आलाव, तेवढं लई झालं." त्याने पुन्हा बूट उचलला आणि ब्रश मारायला लागला. बूट आधीच चकचकीत होता.

चहा आलाच नाही. ज्ञानदेव उठला, माफी हा शब्द तोंडात घोळवत दाराबाहेर आला आणि तो शब्द तसाच घेऊन जिना उतरायला लागला. पहिल्या वळणावर मागून पावलं वाजली. सरूबाई होती. पदराला हात पुसत खाली आली आणि हात पुढे केला.

"द्या इकडं."

त्याने कागद दिला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने तो उलटसुलट करून बघितला.

"ह्यांची चूक न्हवती, आसं लिवलंय ना ह्याच्यात? कुठं?"

ज्ञानदेवने ओळ दाखवली. तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभी राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं. होता तो राग, आणि तो सगळाच्या सगळा ज्ञानदेवसाठी नव्हता.

"मी लई बोलले त्यांना," ती म्हणाली. "जेवताना, झोपताना. पोरासमोर आंधळा म्हणले. एक डाव म्हणले, त्या खैरेभाऊंसारखं नीट काम केलं असतं तर आज ही येळ आली नसती." तिने कागदाची घडी घातली आणि ब्लाउजात खोचली. "ह्यो ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी. सोनू आला की त्याच्याकडून वाचून घेते. मंग काय व्हायचं ते व्हवू द्या."

"सरूबाई, मी पुन्हा येतो. सोनूशी मी बोलतो. आमची लॅब आहे आता, त्याला जर..."

"न्हाई." ती दोन पायऱ्या वर चढली आणि वळली. "तुमी परत येऊ नका. लॅब नको, काय नको. तुमी दारात दिसलाव आन ह्यांचं तोंड कसं फुललं, बगितलं ना तुमी? अकरा वर्सांत माझ्याकडं बगून तसं कदी फुललं न्हाई. त्ये मला परत बगवायचं न्हाई."

ती वर गेली. दार लागल्याचा आवाज आला. ज्ञानदेव तिथेच वळणावर उभा होता. वरून कोणाच्या तरी घरातून टीव्हीचा आवाज येत होता. मग खालून पाण्याचे कॅन घेऊन एक माणूस वर आला, बाजूला व्हा म्हणाला, आणि ज्ञानदेव बाजूला झाला.